परसातील खुराडे : दांड्यांची मांडणी कशी असावी?

बंगल्यामागची मोकळी जागा, शेतघराचे अंगण किंवा शहराच्या वेशीवरील रो-हाउसची परसबाग अशा ठिकाणी चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस अनेकांना असते. खुराडे बांधायला घेतले की जाळी, पत्रा, दार आणि कडी-कुलूप यांचा विचार प्रथम होतो. अंडी घालण्यासाठी पेटीही ठेवली जाते. मात्र कोंबड्यांनी रात्री बसायचे कशावर, हा प्रश्न सहसा सर्वांत शेवटी आठवतो. मग हाताशी असलेला एखादा बांबू किंवा नळाचा तुकडा कसाबसा आडवा अडकवला जातो आणि काम झाले असे मानले जाते. वास्तविक सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतचे, म्हणजे दिवसाचे जवळजवळ निम्मे तास कोंबडी या दांडीवर काढते. तिचे पाय, छातीचे हाड, पिसे, झोप आणि पर्यायाने अंड्यांची स्वच्छता या साऱ्यांचा संबंध त्या एका आडव्या लाकडाशी येतो.

परसातील कुक्कुटपालन ही काही मूठभर हौशी मंडळींपुरती बाब नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या व अन्य पाळीव पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातील होते आणि २०१२च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यावसायिक फार्मवर पिंजऱ्याचे मोजमाप ठरलेले असते. परसात मात्र सर्व काही घरच्या माणसाच्या अंदाजावर चालते. म्हणूनच दांड्यांची मांडणी करण्यापूर्वी तिच्यामागील कारणे समजून घेणे उपयुक्त ठरते.

उंचावर बसण्याची ओढ

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारा करडा रानकोंबडा हा त्याचा चुलतभाऊ. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. हे दोन्ही रानपक्षी दिवसभर जमिनीवर चरतात, परंतु अंधार पडू लागताच झाडाच्या फांदीवर चढून बसतात. कोल्हा, रानमांजर, मुंगूस अशा शत्रूंपासून बचाव करण्याचा तो त्यांचा मार्ग आहे. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहूनही पाळीव कोंबडीची ही ओढ सुटलेली नाही. खेड्यात खुराड्याचे दार उघडायला उशीर झाला तर कोंबड्या अंगणातील शेवग्यावर किंवा गोठ्याच्या वाशावर जाऊन बसतात, ते याच कारणाने.

स्वीडनमधील संशोधक ॲना ओल्सन आणि लिंडा कीलिंग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या ओढीची परीक्षा घेतली होती. उंच दांडी उपलब्ध असताना जवळजवळ सर्वच कोंबड्या दिवे मालवल्यानंतर थोड्याच वेळात तिच्यावर जाऊन बसल्या. दांडीवर जाण्याची वाट अडवली तेव्हा मात्र त्या अस्वस्थपणे फिरत राहिल्या. दांडी ही कोंबडीच्या दृष्टीने चैन नसून गरज आहे, असा याचा अर्थ. जुन्या पद्धतीच्या मातीच्या खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंबड्या जमिनीवरच बसतात हे खरे. पण तेथे त्या स्वतःच्याच विष्ठेत रात्र काढतात आणि पावसाळ्यात ओलसर जमिनीचा त्रास सहन करतात, हेही तितकेच खरे.

प्रत्येकीला जागा किती?

युरोपीय संघाने १९९९मध्ये अंड्यांवरील कोंबड्यांसाठी जी किमान मानके ठरवली, त्यांत पिंजऱ्याबाहेर ठेवलेल्या कोंबड्यांच्या दांड्यांविषयी नेमके आकडे आहेत. प्रत्येक कोंबडीला दांडीवर किमान १५ सेंटीमीटर जागा, दोन दांड्यांमध्ये किमान ३० सेंटीमीटर आडवे अंतर, भिंत आणि दांडी यांत किमान २० सेंटीमीटर अंतर आणि दांडीला कोठेही धारदार कड नाही, अशा त्या अटी आहेत. ३५० पेक्षा कमी कोंबड्यांच्या कळपांना हा नियम लागू नाही आणि भारतातील परसाला तर तो मुळीच बंधनकारक नाही. तरीही मोजमापाची सुरुवात करण्यासाठी हे आकडे सोयीचे आहेत.

आपल्या हवेत मात्र १५ सेंटीमीटर जागा अपुरी पडते. कोंबडीला घाम येत नाही. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात रात्रीही हवा तापलेली असते, तेव्हा पंख किंचित पसरण्याएवढी मोकळी जागा शेजारी असावी लागते. म्हणून देशी कोंबडीला २० सेंटीमीटर, तर गिरीराज, वनराज यांसारख्या अंगाने भरदार जातींना २५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ८ ते १० इंच जागा धरावी. थंडीत त्या आपणहून एकमेकींना खेटून बसतात आणि उरलेली जागा रिकामी ठेवतात. जादा जागेने नुकसान होत नाही. जागा कमी पडली मात्र रोज संध्याकाळी टोचाटोची ठरलेली.

भिंतीपासूनचे अंतर राखण्यामागेही कारण आहे. कोंबडी दांडीवर बसली की तिची शेपटी दांडीच्या मागे बरीच लांबते. दांडी भिंतीला चिकटून असेल तर शेपटीची पिसे घासून मोडतात, भिंत विष्ठेने माखते आणि कोंबडीला वळायलाही जागा राहत नाही. २५ सेंटीमीटर, म्हणजे १० इंच अंतर सोडल्यास या तिन्ही अडचणी टळतात. दोन दांड्यांमध्ये ३५ सेंटीमीटर, म्हणजे १४ इंच अंतर ठेवावे.

उंची आणि अंड्यांची पेटी

दांडी किती उंच असावी याचे उत्तर कोंबडीच्या वजनावर आणि उडी मारायला मोकळ्या असलेल्या जागेवर अवलंबून आहे. दीड किलोची चपळ देशी कोंबडी तीन-चार फूट उंचीवर सहज चढते. अडीच-तीन किलोच्या जड जातीची कोंबडी चढते, पण सकाळी खाली उतरताना तिचा भार पायांच्या तळव्यांवर आणि छातीवर आदळतो. अंड्यांवरील कोंबड्यांमध्ये छातीच्या मधल्या उभ्या हाडाला बाक येणे किंवा ते मोडणे, हा आजच्या कुक्कुटपालनातील एक गंभीर प्रश्न मानला जातो. तलंग अंड्यावर येते तेव्हाही हे हाड पूर्णपणे टणक झालेले नसते. शिवाय प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी शरीरातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्च होते. आहारात शिंपल्यांचा चुरा नसेल तर हाडे आणखी ठिसूळ बनतात. म्हणून जड जातींसाठी दांडीची उंची दीड ते दोन फूट पुरेशी आहे. देशी कोंबड्यांसाठी ती तीन फुटांपर्यंत नेण्यास हरकत नाही.

उतरण्याची चढण फार उभी नसावी. दांडी जितकी उंच, तितकीच मोकळी जमीन तिच्यासमोर असावी, हा साधा हिशेब लक्षात ठेवावा. दोन फूट उंच दांडीसमोर दोन फूट मोकळी जागा असल्यास उतरण्याचा कोन ४५ अंशांचा होतो आणि तो कोंबडीला झेपतो. त्याहून उभ्या कोनात तिला पंखांनी वेग आवरता येत नाही. जागा तोकडी असल्यास मध्ये एक ठेंगणी दांडी किंवा पायरी द्यावी.

अंड्यांच्या पेटीचा संबंध येथेच येतो. कोंबडी रात्री बसण्यासाठी खुराड्यातील सर्वांत उंच जागा निवडते. पेटी दांडीपेक्षा उंच असली तर ती पेटीत किंवा पेटीच्या छपरावर झोपणार, रात्रभर तेथे विष्ठा करणार आणि सकाळी त्याच जागी अंडे घालणार. अंडी वारंवार माखलेली निघत असतील तर बहुतेक वेळा दोष कोंबडीचा नसून उंचीचा असतो. पेटीचा तळ जमिनीपासून १२ इंचांपर्यंत आणि दांडी त्याहून किमान एक फूट वर, असे प्रमाण ठेवावे. पेटीचे छप्पर उतरते केल्यास त्यावर बसण्याचा मोहही उरत नाही. चार-पाच कोंबड्यांमागे १२ इंच लांब, रुंद व उंच अशी एक पेटी पुरते.

एकाच पातळीवर की शिडीसारखी?

चित्रांतून दिसणारी शिडीसारखी मांडणी, म्हणजे एकापेक्षा एक चढत गेलेल्या दांड्या, आकर्षक वाटते. लहान खुराड्यात मात्र ती भांडणाला निमंत्रण देते. कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे शास्त्रीय वर्णन केले. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी निमूट बाजूला व्हायचे, हे या उतरंडीत ठरलेले असते. दांड्या उंच-सखल असल्या की वरच्या दांडीसाठी रोज झटापट होते आणि दुबळ्या कोंबड्या खालच्या दांडीवर ढकलल्या जातात. खालची दांडी वरच्या दांडीच्या बरोबर खाली असेल तर त्यांच्या पाठीवर रात्रभर विष्ठा पडते.

सहा-आठ कोंबड्यांसाठी सर्व दांड्या एकाच उंचीवर, एकमेकींना समांतर ठेवणे हे सर्वांत बरे. कोंबड्यांची संख्या अधिक असेल आणि जागेअभावी चढती मांडणी करावीच लागली, तर प्रत्येक दांडी खालच्या दांडीपेक्षा एक फूट उंच आणि तितकीच मागे असावी. सर्वांत वरच्या दांडीवरही निदान निम्म्या कोंबड्या मावाव्यात.

दांडी कशाची?

लाकूड हे दांडीसाठी सर्वांत योग्य. वखारीत मिळणारी दोन इंची चौकोनी रीप चालते. मात्र तिच्या वरच्या दोन्ही कडा रंध्याने दोन-तीन सूत गोल करून घ्याव्यात आणि पॉलिश पेपर मारून कुसळे काढून टाकावीत. दीड ते दोन इंच रुंदी पावलाला पेलते. वरचा भाग किंचित सपाट राहिल्याने कोंबडीचा भार तळव्यावर आणि छातीवर पसरून पडतो. अगदी बारीक, बोटाएवढी काठी तळव्यात आणि छातीच्या हाडावर रुतते.

बांबू स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. पण त्याचा बाहेरचा भाग गुळगुळीत असल्याने पाय घसरतो. तो कानशीने खरवडून घ्यावा. बांबूची उघडी टोके म्हणजे किडींना आयतेच घर. लाकडी खुंटी ठोकून ती बंद करावीत. झाडाची सरळ फांदी वापरायची असल्यास साल पूर्णपणे सोलावी, कारण सालीखालीही कीड दडते. पीव्हीसी पाइपवर पकड बसत नाही. लोखंडी नळी थंडीत गारठते, उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तापते. हे दोन्ही पर्याय टाळलेले बरे. रंग किंवा व्हार्निश लावल्यास दांडी घसरडी होते.

इंटरनेटवर अनेक ठिकाणी चार इंची रुंद फळीची शिफारस वाचायला मिळते. ती बहुधा अमेरिका, कॅनडासारख्या बर्फाळ प्रदेशांतील पाळणाऱ्यांसाठी असते. रुंद फळीवर बसल्यावर कोंबडीची बोटे तिच्या पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात आणि हिमदंशापासून वाचतात. महाराष्ट्रात ही वेळ येत नाही. येथे रुंद फळीवर विष्ठा साचून राहण्याचाच त्रास अधिक. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी घरामागे कोंबड्या पाळल्या, तर त्यांनी मात्र रुंद फळीच निवडावी.

दांडी खिळ्यांनी कायमची ठोकू नये. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वरून उघड्या खाचेचे लाकडी ठोकळे बसवून त्यांत दांडी ठेवावी. म्हणजे ती उचलून बाहेर काढता येते, धुता येते, उन्हात टाकता येते. खाचेत मात्र ती घट्ट बसायला हवी. अंगाखाली फिरणाऱ्या किंवा हलणाऱ्या दांडीवर कोंबडी बसत नाही. सैल वाटल्यास पाचर मारावी.

सहा कोंबड्यांचे खुराडे : एक नमुना

आतून चार फूट लांब, चार फूट रुंद असे खुराडे घेतले तर सहा कोंबड्यांना प्रत्येकी अडीच चौरस फुटांहून थोडी अधिक जागा मिळते. मागची भिंत चार फूट आणि पुढची पाच फूट उंच ठेवून छपराला मागे उतार द्यावा. मागच्या भिंतीपासून १० इंचांवर पहिली आणि तिच्यापुढे १४ इंचांवर दुसरी, अशा प्रत्येकी चार फूट लांबीच्या दोन दांड्या जमिनीपासून दोन फूट उंचीवर बसवाव्यात. दुसऱ्या दांडीपुढे दोन फूट मोकळी जागा उरते, म्हणजेच उतरण्याचा ४५ अंशांचा कोन साधतो.

दोन्ही दांड्यांची एकूण लांबी आठ फूट, म्हणजे ९६ इंच होते. सहा कोंबड्यांत ती विभागल्यास प्रत्येकीच्या वाट्याला १६ इंच येतात. उन्हाळ्यात ही ऐसपैस जागा उपयोगी पडते. हिवाळ्यात सहाही कोंबड्या एकाच दांडीवर, प्रत्येकी आठ इंचांत दाटीने बसू शकतात. पुढे दोन कोंबड्या वाढल्या तरी दांडीची जागा पुरते. जमिनीवरील जागा मात्र त्या वेळी प्रत्येकीला दोन चौरस फुटांवर येते. त्यापलीकडे संख्या वाढवू नये.

अंड्यांच्या दोन पेट्या पुढच्या भागात, बाजूच्या भिंतीला लावाव्यात. दांड्यांची सावलीही त्यांच्यावर पडता कामा नये. खाद्याचे आणि पाण्याचे भांडे दांडीखाली ठेवण्याची चूक अनेकांकडून होते. ती भांडी पुढच्या मोकळ्या भागात टांगावीत, पण उतरण्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत.

हवा खेळती राहण्यासाठी छपराखाली सर्व बाजूंनी जाळीची पट्टी सोडावी. पट्टीची खालची कड बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा वर असावी. या नमुन्यात मागच्या भिंतीवरील वरची आठ इंच जागा त्यासाठी सोडली, तर ती दांडीच्या १६ इंच वर येते. त्यामुळे गरम दमट हवा वरून निघून जाते आणि थंडीचा झोत अंगावर येत नाही. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास दुपारचे ऊन आत कमी शिरते. जाळीची छिद्रे अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. मोठ्या छिद्राच्या जाळीतून साप आणि मुंगसाची पिल्ले आत येऊ शकतात, तर जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीला बाहेरून मांजराचा पंजा लागू शकतो. दांडीचे टोक जाळीच्या बाजूला येत असेल तर शेवटच्या सहा इंचांपुढे लाकडी फळी मारून आड करावे.

दांडीखालची फळी

एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. तिच्यातील बराच भाग रात्री, दांडीवर बसलेली असताना पडतो. ही विष्ठा जमिनीवरील तुसात मिसळली की ओल वाढते आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. या वायूने कोंबडीच्या डोळ्यांची आग होते, श्वसनमार्ग दुखावतो आणि रोगांना वाट मिळते. सकाळी दार उघडताच माणसाचे डोळे चुरचुरले तर रात्रभर तेथे बसलेल्या कोंबडीची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते.

यावर सोपा उपाय म्हणजे दांड्यांखाली विष्ठा झेलणारी फळी. वरील नमुन्यात जमिनीपासून १६ इंचांवर, म्हणजे दांडीच्या आठ इंच खाली, मागच्या भिंतीपासून अडीच फूट रुंदीची फळी किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा बसवावा. तो पुढच्या दांडीच्या सहा इंच पुढे येतो आणि चढताना-उतरताना पायरीचेही काम करतो. त्याखालची जमीन कोंबड्यांना दिवसा वावरायला मोकळी राहते. फळीवर राख किंवा भाताचे तूस पसरावे आणि रोज सकाळी ते उलथन्याने खरवडून काढावे. सहा कोंबड्यांच्या खुराड्यात हे पाच मिनिटांचे काम आहे. ताजी विष्ठा थेट झाडांना घालू नये. तिच्यातील नत्राच्या तीव्रतेने मुळे जळतात. वाळलेल्या पानांबरोबर खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवल्यास तिचे उत्तम खत होते.

रात्री निघणारे शत्रू

कोंबड्या निस्तेज दिसतात, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, संध्याकाळी त्या खुराड्यात जायला नाखूश असतात आणि दिवसा अंगावर तर काहीच सापडत नाही. असे झाल्यास संशय दांडीवर घ्यावा. पक्ष्यांवरील गोचीड आणि लाल माइट ही दोन्ही रक्तपिपासू कीड दिवसा दांडीच्या खाचांत, लाकडाच्या भेगांत, भिंतीच्या फटींत लपून बसते आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त शोषते. उबदार हवेत लाल माइटची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होऊ शकते. गोचीड तर अन्नाशिवाय वर्षभराहून अधिक काळ तग धरते. त्यामुळे काही दिवस खुराडे रिकामे ठेवण्याने ती मरत नाही. स्पायरोकीटोसिस या तापाच्या रोगाचा प्रसारही गोचिडीमार्फत होतो.

रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला आणि खाचांत पाहिल्यास कीड दिसते. दांडीवर पांढरा कागद घासल्यावर तांबडे डाग उमटले, तरी निदान पक्के समजावे. दांड्या बाहेर काढून त्यांवर उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवाव्यात आणि भेगा बुजवून भिंतींना व ठोकळ्यांना चुन्याची सफेदी द्यावी. दर पंधरा दिवसांनी दांड्या उन्हात टाकण्याची सवय ठेवल्यास ही वेळ सहसा येत नाही. काही ठिकाणी दांडीला जळके ऑइल फासले जाते. ते कोंबडीच्या पायांना आणि पिसांना लागते आणि तेथून अंड्यांपर्यंत पोहोचते. ही पद्धत टाळावी. कीटकनाशकाची गरज वाटल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ते वापरावे, कारण त्याचा अंश अंड्यांत उतरू शकतो.

पायाच्या तळव्याला होणारे गळू हा दुसरा नेहमीचा त्रास. कुसळ टोचून किंवा तळवा घासून जखम होते, तिच्यात जंतू शिरतात, तळवा सुजतो आणि मध्ये काळी खपली धरते. ओली, अस्वच्छ दांडी आणि उंचावरून कठीण जमिनीवर मारलेल्या उड्या ही त्यामागची प्रमुख कारणे. कोकणात पावसाळ्याचे चार महिने दांडी कोरडी ठेवणे हे म्हणूनच औषधापेक्षा महत्त्वाचे ठरते. छपराची गळती जूनपूर्वी काढावी. दांड्यांचा एक जादा संच करून ठेवल्यास ओला झालेला संच बदलता येतो. उतरण्याच्या जागी तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा तीन-चार इंचांचा थर असावा.

सवय आणि संधिप्रकाश

पिले दोन-चार आठवड्यांची झाली की ती ठेंगण्या वस्तूंवर चढू लागतात. याच वयात चार-सहा इंच उंचीवर बारीक दांडी दिल्यास त्यांना तोल सावरण्याची आणि उंचीचा अंदाज घेण्याची सवय लागते. स्वीडनमधील स्टेफान गुन्नारसन यांच्या १९९९च्या अभ्यासात, चार आठवड्यांच्या आत दांडी मिळालेल्या कोंबड्यांच्या कळपांत जमिनीवर अंडी घालण्याचे आणि मागून टोचून एकमेकींना जखमी करण्याचे प्रमाण कमी आढळले होते. बाजारातून आणलेल्या मोठ्या तलंगांना दांडीची ओळख नसेल, तर अंधार पडल्यावर त्यांना हळूच उचलून दांडीवर बसवावे. चार-सहा दिवसांत त्या स्वतःहून चढू लागतात.

कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. त्यामुळे दिवा एकदम मालवला तर ती असेल तेथेच, जमिनीवर अडकून पडते. अंडी वाढावीत म्हणून दिव्याचा जादा प्रकाश देणाऱ्यांनी तो पहाटे द्यावा. संध्याकाळचा प्रकाश निसर्गक्रमाने मंदावू द्यावा, म्हणजे कोंबड्यांना आपापली जागा शोधून स्थिर व्हायला अवधी मिळतो.

रात्रीची एक फेरी

दांडी ही कोंबड्यांच्या प्रकृतीची हजेरीही असते. रोज दांडीवर बसणारी कोंबडी एखाद्या रात्री जमिनीवर, कोपऱ्यात किंवा पेटीत बसलेली आढळली तर तिच्याकडे लक्ष द्यावे. ती खुडूक झाली असेल तर पेटी सोडणार नाही. लंगडत असेल, पिसे फुगवून बसली असेल, श्वासाला घरघर येत असेल तर ती आजारी समजून वेगळी ठेवावी. लसीकरणासाठीही हीच वेळ सोयीची. रानीखेत किंवा देवीची लस देताना दिवसा कोंबड्यांमागे धावण्यापेक्षा रात्री त्यांना दांडीवरून एकेक उचलणे सोपे जाते आणि पक्षीही बिथरत नाहीत.

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही त्याचा उद्रेक झाला. रानपक्ष्यांमार्फत या रोगाचा प्रसार होऊ शकतो. त्यामुळे कोंबड्या रात्री झाडावर न राहता छप्पर असलेल्या, जाळीबंद खुराड्यात असणे हे आज केवळ मुंगसापासूनच्या रक्षणापुरते उरलेले नाही. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास त्यांना हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ कळवावे. खुराडे साफ केल्यावर हात साबणाने धुणे तर रोजचेच. शहरात कोंबड्या पाळण्यापूर्वी महापालिका किंवा नगरपालिकेचे आणि गृहसंस्थेचे नियम विचारून घ्यावेत. वासाची पहिली तक्रार शेजारून येते आणि तिचे मूळ बहुधा न खरवडलेल्या फळीतच असते.

खुराड्याला जाळी भारी आणली, पत्रा महागाचा घातला, पण दांडी अरुंद, ओली किंवा पेटीपेक्षा ठेंगणी राहिली, तर बाकीचा खर्च वाया जातो. उलट दोन गुळगुळीत रिपा, चार खाचेचे ठोकळे आणि एक पत्रा एवढ्या साहित्यात सुतार हे काम अर्ध्या दिवसात उरकतो. मांडणी जमली की नाही हे संध्याकाळी दार लावताना कळते. भांडणाचा आवाज न होता सर्व कोंबड्या दांडीवर ओळीने बसल्या असतील आणि एकही पेटीत किंवा जमिनीवर नसेल, तर मोजमाप बरोबर आले असे समजावे.